सात हजारांचा मायक्रोस्कोप आणि पंचवीस स्लाइडांचा डबा: पाच महिने वापरून झाल्यावर

आधी पैशांचं. मायक्रोस्कोप ६,९००, पंचवीस तयार स्लाइडांचा लाकडी डबा १,२५०, आणि ॲसिटोकार्मिन या लाल रंगाची बाटली, कोऱ्या काचा, कव्हर स्लिपची डबी असं किरकोळ मिळून ३४०. दुकान जळगावचं. घासाघीस करून ८,४०० दिले, वर एक ड्रॉपर फुकट. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि माणूस तसा सरळ आहे. माल अंबाल्याचा. शाळा-कॉलेजात असलं सामान तिथूनच येतं, त्यात नवल नाही. पाचपैकी साडेतीन तारे देतो. दीड तारा कुठे गेला ते सांगतो.

मी चोपडा तालुक्यात एका ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. प्राध्यापक नव्हे. सर बाहेर शिकवायचे आणि मी आतल्या खोलीत बेसिनवर काचा धुता धुता ऐकायचो. एकच धडा एकतीस वेळा कानावरून गेला की तो अंगात मुरतो, परीक्षा द्यायची नसली तरी. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळांचं सगळं सामान मीच तयार ठेवायचो, आणि एखाद्या पोराची स्लाइड बिघडली तर माझ्या खिशातली एक चांगली असायचीच. हे आता सांगायला हरकत नाही.

नात ऋतुजा यंदा बारावीला. नीटची तयारी चालू आहे. क्लासमध्ये सगळं पडद्यावर. मे महिन्यात म्हणाली, "नाना, मेटाफेज मी शंभर वेळा पाहिलाय." म्हटलं कशात? तर म्हणे पीडीएफमध्ये. दुसऱ्या दिवशी मी जळगावची एसटी पकडली.

यंत्राबद्दल थोडक्यात. पायथा ओतीव धातूचा, जड, टेबलाला धक्का लागला तरी हलत नाही. आयपीस दोन, दहाचा आणि पंधराचा. पंधराचा डब्यातच राहू द्या, चित्र मोठं होतं पण नवीन काही दिसत नाही. ऑब्जेक्टिव्ह चार. ४एक्स आणि १०एक्स झकास. ४०एक्स कडेला थोडं धुरकट, पण मधला भाग स्वच्छ, आणि खरं काम तिथेच होतं. १००एक्स म्हणजे आहेरातलं स्टीलचं ताट, मोजायला असतं, जेवायला नसतं. तेल घालून तीन दिवस डोळे फोडले, शेवटी पुसून ठेवून दिलं. अर्धा तारा इथे गेला.

दुसरी खोड म्हणजे फोकस लावून हात काढला की स्टेज आपली हळूहळू खाली घसरते. घेणाऱ्याने घाबरून परत करू नये. मोठ्या चाकाच्या आतल्या अंगाला ताण कमी-जास्त करायची कडी असते, ती थोडी आवळली की घसरण थांबते. दुकानदाराला हे माहीत नव्हतं, किंवा सांगायचं सुचलं नाही. दिवा एलईडीचा, आत चार्जिंगची बॅटरी. आमच्याकडे लाइट कधीही जाते, तेव्हा याचं मोल फार. एकदा भरली की अडीच तास चालते. उजेड मात्र निळसर पडतो, त्यात ॲसिटोकार्मिनचा लाल रंग मेल्यासारखा दिसतो. गेल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा पिवळा जिलेटिन कागद उरला होता, तो गोल कापून दिव्यावर ठेवला. हजार रुपयांचं फिल्टर वाचलं.

आता कांदा. ज्यासाठी घेतला ते, म्हणजे मुळाच्या टोकाला पेशी विभागताना बघणं.

बाटलीच्या तोंडावर कांदा बसवायचा, बूड जेमतेम पाण्याला टेकेल असा. जुनी वाळकी मुळं आधी ब्लेडने खरवडून टाकायची. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं दोन-अडीच सेंटिमीटर येतात. टोकाचे दोन-तीन मिलिमीटर सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान कापायचे. दुपारी कापली की नुसत्या झोपलेल्या पेशी सापडतात, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव. मग एक भाग ॲसेटिक ॲसिड आणि तीन भाग अल्कोहोलमध्ये चोवीस तास. ही बाटली जुन्या कॉलेजातून मागून आणली, नव्या सहायकाने चहा पाजून दिली. किटमधलं ॲसिटोकार्मिन शिळं निघालं, तळाशी गाळ बसलेला. दोनदा गाळून घेतलं तेव्हा कामाला आलं. वॉच ग्लासमध्ये रंग, एक थेंब हायड्रोक्लोरिक ॲसिड, आणि स्पिरिटच्या दिव्यावरून तीन-चार वेळा नुसतं ओवाळायचं. उकळी फुटली की मेलं. मग काचेवर टोक ठेवून वर कव्हर स्लिप, ब्लॉटिंग पेपर, आणि अंगठा. अंगठा सरळ खाली दाबायचा, रेटायचा नाही. कव्हर स्लिप केसभर सरकली तरी पेशी एकमेकींवर चढतात.

ऋतुजाच्या पहिल्या तीन स्लाइडांचा चिखल झाला. चौथीला ती दहा मिनिटं आयपीसवरून उठली नाही. मग म्हणाली, "नाना, हे हललेलं का नाही दिसत?" कारण मारून, रंगवून ठेवलंय. पण प्रश्न चांगला होता. मध्यावस्थेतल्या, म्हणजे मेटाफेजमधल्या, एका पेशीत गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी, लाल, जाडसर, सुतळीचे तुकडे टाकावेत तशी. कांद्यात ती सोळा असतात. सुटी करून मोजता येतील इतकी ४०एक्स साफ नाही, पण शेजारच्या पेशीत तीच दोन टोकांना ओढली गेलेली दिसत होती, पाठ मधे वाकलेली, दोन्ही हात मागे राहिलेले. पीडीएफमध्ये ते बाण काढून दाखवतात. इथे बाण नाही, शोधावं लागतं.

तिला मोजायला लावलं. दोनशे पेशींत विभाजन चाललेल्या निघाल्या एकवीस. त्यातल्या चौदा पूर्वावस्थेत, मध्यावस्थेत तीन, पश्चावस्थेत एक, अंत्यावस्थेत तीन. बाकी एकशे एकोणऐंशी नुसत्या बसलेल्या, गोल केंद्रक घेऊन. तेही कुठे, तर झाडात सगळ्यात जोरात वाढणाऱ्या जागी. सर वर्गात नेहमी उलटं विचारायचे. पेशी विभागते कशी हे सगळे विचारतात, ती थांबते कशी ते कोण विचारणार?

थांबण्याचं पहिलं मोठं उत्तर बेकरीच्या यीस्टमधून आलं, आणि ते या यंत्रावर दिसतं म्हणून सांगतो. कोमट पाण्यात चिमूटभर साखर, चिमूटभर यीस्ट, अर्धा तास. ४०एक्सखाली गोल गोल पेशी, काहींना बाजूला बारीक कळी, काहींची कळी जवळजवळ आईएवढी. लीलंड हार्टवेल यांनी १९७०च्या सुमारास हेच पाहिलं. त्यांच्याकडे बिघडलेलं यीस्ट होतं. २३ अंशांना नीट वाढायचं, ३६ अंशांना नेलं की अडकायचं. (आमच्या मे महिन्यात ते अडकलेलंच राहिलं असतं.) पण अडकताना सगळ्या पेशी एकाच आकाराच्या कळीवर अडकायच्या. म्हणजे जे जनुक बिघडलं, त्याचं काम विभाजनाच्या नेमक्या त्याच पायरीवर होतं. कळी किती मोठी, यावरून पायरी ओळखायची. अशी शंभरावर जनुकं त्यांनी वेगळी केली. पुढे पॉल नर्स यांना दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये विभाजनाला किल्ली देणारं जनुक सापडलं, आणि १९८७ साली त्यांच्या प्रयोगशाळेने त्याच कामाचं माणसाचं जनुक त्या यीस्टमध्ये घातलं तर यीस्ट मुकाट विभागू लागलं. टिम हंट यांनी समुद्री साळूच्या अंड्यांत एक प्रथिन पाहिलं, जे दर विभाजनाआधी साठतं आणि ऐन विभाजनात गायब होतं. त्याचं नाव सायक्लिन. हे प्रथिन चिकटलं की ती किल्ली फिरते, ते नष्ट झालं की थांबते. तिघांना २००१चं नोबेल मिळालं. सर हे सांगताना बैलगाडीचं उदाहरण द्यायचे, बैल जुंपल्याशिवाय चाक फिरत नाही आणि बैल रोज संध्याकाळी सोडायचे असतात. मला ते उदाहरण अजून चालतं.

डब्याकडे येतो, कारण एक पूर्ण तारा तिथे गेला आहे.

लाकूड बरं, खाचा घट्ट, आतल्या झाकणावर छापील यादी. रक्त, अमिबा, पॅरामेशियम, हायड्रा ठीक. ९ आणि १० क्रमांकांच्या चिठ्ठ्या उलट्या लावल्या आहेत. ९वर सूर्यफुलाचं खोड लिहिलंय आणि आत मका आहे. मक्यात वाहिन्यांचे जुडगे सगळीकडे विखुरलेले, सूर्यफुलात गोल रिंगणात, हे ज्याला माहीत आहे तो हसेल. ज्याला माहीत नाही तो पोरगा चुकीचं पाठ करून जाईल. १३ नंबरची कांद्याची मायटोसिस, म्हणजे पेशीविभाजनाची, स्लाइड इतकी गडद रंगवली आहे की डांबर वाटतं. ऋतुजाची चौथी स्लाइड तिच्यापेक्षा सरस आहे, हे मी नात म्हणून बोलत नाही. १४ नंबर म्हणजे 'मायटोसिस, प्राणी पेशी' तडकलेलीच आली. फोन केला तर "नाना, पुढच्या खेपेत देतो." तीन खेपा झाल्या असतील.

आणि संपूर्ण डब्यात पेशी मरण्याबद्दल एकही स्लाइड नाही. दुकानात विचारलं होतं. तो म्हणाला, मेलेल्या पेशीची स्लाइड कोण घेणार? माणूस सरळ आहे म्हटलं ते यासाठीच. पण डब्यातली सगळ्यात सुंदर स्लाइड मेलेल्या पेशींचीच आहे, त्याला ठाऊक नाही इतकंच. ती १० नंबरची, म्हणजे खरं सूर्यफूल. रिंगणातल्या प्रत्येक जुडग्यात लालभडक, जाड भिंतींची भोकं दिसतात. त्या पाणी वर नेणाऱ्या नळ्या. नळी होण्याआधी ती जिवंत पेशी असते. आधी ती भिंत जाड करून घेते, मग तिच्या पोटातली पिशवी फुटते, आतलं सगळं विरघळून जातं, आणि रिकामी नळी उरते. जिवंत राहिली असती तर पाणी अडलं असतं. हे अपघाताने होत नाही, ते सुरू करायची जनुकं त्या पेशीत असतात आणि योग्य वेळी चालू होतात. शेतात उभं असलेलं प्रत्येक पीक या मेलेल्या पेशींतून पाणी पितं.

प्राण्यांतल्या अशा ठरवून येणाऱ्या मरणाला १९७२ साली नाव मिळालं, अपॉप्टोसिस. ग्रीक भाषेत पान गळणे, पाकळी गळणे असा अर्थ. आमच्याकडे हा शब्द केळीवाल्याला सांगून उपयोग नाही. केळीचं पान गळत नाही, वाळून खोडाला लटकत राहतं, कोयत्याने उतरवावं लागतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या सागाकडे बोट दाखवावं.

जुलैमध्ये विहिरीशेजारच्या डबक्यातून बेडकाची पिलं आणली. ४एक्सखाली शेपटीतून रक्त पळताना दिसतं, तेवढ्यासाठीच हे यंत्र घ्यावं असं दृश्य आहे. तीन आठवड्यांनी पाय फुटले आणि शेपूट आखडत गेली. ती तुटून पडत नाही. थायरॉइडचं संप्रेरक वाढलं की शेपटीतल्या पेशींची मरण्याची जनुकं जागी होतात आणि बेडूक स्वतःची शेपूट पचवून टाकतो. आपल्या बोटांमधला पडदाही आईच्या पोटात असाच गेलेला असतो. बदकाचा राहतो.

आता सूत्रकृमी. हा शब्द आमच्या पट्ट्यात शिवीसारखा वापरतात, कारण ते केळीच्या मुळांत शिरतात. धाकट्या भावाची अडीच एकर केळी आहे, यंदा मृगबाग. त्याच्या बागेतली मूठभर माती पातळ कापडात बांधून रात्रभर पाण्यात टांगली, सकाळी तळाचं पाणी १०एक्सखाली पाहिलं. इंग्रजी 'एस'सारखे वळवळणारे काचेचे धागे. भाऊ मागून बघत होता. म्हणे, "हाई काय शे? इतला?" आणि फवारणी कोणती करू ते विचारायला लागला. त्याला सांगितलं की मातीतले सगळे मुळं खात नाहीत, पुष्कळसे बॅक्टेरिया खाऊन जगतात. त्यातलाच एक, जेमतेम एक मिलिमीटरचा, आरपार दिसणारा, सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स. सिडनी ब्रेनर यांनी त्याला निवडलं. जॉन सल्स्टन यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावून त्याची एकेक पेशी कुठून आली, कुठे गेली याची वंशावळ मांडली. आपल्याकडे भाट पिढ्यांच्या वह्या ठेवतात, तशी. नेहमीच्या द्विलिंगी अळीत शरीराच्या १,०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ मरतात. अशा प्रत्येक अळीत १३१, आणि त्याच १३१. पूर्ण वाढलेल्या अळीत ९५९ उरतात.

ऋतुजाने वही काढून वजाबाकी केली. बरोबर आली.

कोणी मरायचं हे इतकं ठरलेलं असेल तर ते कुठेतरी लिहिलेलं असणार. रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी ते शोधलं. सेड-३ आणि सेड-४ ही जनुकं बिघडली तर त्या १३१ पेशी मरतच नाहीत, तशाच जगत राहतात. सेड-९ उलट आहे, ते मरण अडवून धरतं. ते बिघडलं तर जगायच्या पेशीही मरतात. नंतर कळलं की माणसात सेड-९चा भाऊ आहे, बीसीएल-२. एका प्रकारच्या लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगात, चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्राचे तुकडे आपसात बदलतात आणि हे जनुक अखंड चालू राहतं. तिथे पेशी वेगाने वाढतात असं नाही, त्या मरायच्या थांबतात. गाठ त्यानेही होते. वाढ म्हणजे जन्म वजा मरण, हे शेतकऱ्याला कोंबड्यांवरून कळतं, पण कर्करोगाबाबत १९८८पर्यंत नीट दाखवलं गेलं नव्हतं. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२चं नोबेल मिळालं, हंट-नर्स-हार्टवेल यांच्या पाठोपाठच्या वर्षी. सर त्या दोन्ही ऑक्टोबरांत फळ्यावर नावं लिहून गेले होते आणि मी ती आठवडाभर पुसली नव्हती.

भावाला यातलं एकच आवडलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या एका विद्यापीठातल्या लोकांनी हेच सेड-९ जनुक अळीतून काढून केळीत घातलं. मर रोगाची बुरशी खोडात शिरते, झाडाच्या पेशी मरतात आणि बुरशी त्यांच्यावर पोसते. पेशींनी मरायचंच नाकारलं तर? ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या रोगट जमिनीत लावून हे तपासलं, २०१७ साली छापून आलं. सेड-९ घातलेल्या कॅव्हेंडिश केळीच्या एका वाणाने चांगला तग धरला. रानटी केळीतलं दुसरं एक जनुक घातलेल्या वाणानेही धरला, आणि २०२४ साली तिथे मंजुरी मिळाली ती त्याला. भाऊ म्हणाला, "मंग हरण्याले काय शे त्यासनाजोडे?" हरण्या म्हणजे आमच्याकडचा केळीवरचा व्हायरस, पानांवर पिवळे पट्टे. त्याला यातून उत्तर नाही. भाऊ बांधावर निघून गेला.

केळीच्या मुळाचंही टोक दाबून पाहिलं. ग्रँड नैन या वाणाच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच, एकूण तेहतीस. जोड्या लागत नाहीत म्हणून बी धरत नाही, म्हणून मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिलं, नाहीतर टिश्यूकल्चरची रोपं. पण गुणसूत्रं इतकी बारीक की या यंत्रावर तिखटाची पूड दिसते. केळीसाठी घेणार असाल तर घेऊ नका.

एक काच माझ्याकडे पंचवीसांच्या बाहेरची होती, आणि तिच्याबद्दल लिहायचं की नाही हे दोन आठवडे ठरवत होतो.

२०१८ साली ऋतुजाच्या मोठ्या मायला, म्हणजे माझ्या बायकोला, छातीत गाठ आली. दुसरं मत घ्यायला मुंबईला जाताना इथल्या लॅबने गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि त्याच्या दोन काचा दिल्या होत्या. ब्लॉक तिकडे राहिला. एक काच फाइलसोबत परत आली आणि लोखंडी पेटीत, शालूखाली, सात वर्षं पडून होती. कॉलेजातला मायक्रोस्कोप तेव्हा हाताशी होता, निवृत्तीला वर्ष बाकी होतं. मी लावला नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या काचा लावल्या, ही लावली नाही.

ऑगस्टमध्ये ऋतुजाला वंशपरंपरेचा धडा आला आणि तिने सरळ विचारलं, "नाना, मलापण होईल का?" तेव्हा फाइल काढली. रिपोर्टवर ग्रेड तीन, एचईआर-टू तीन प्लस, केआय-६७ चाळीस टक्के. तिला एकेक सांगितलं, डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तसं. केआय-६७ म्हणजे शंभरातल्या किती पेशी विभाजनाच्या फेऱ्यात आहेत त्याची खूण. कांद्यात आपण डोळ्यांनी मोजलं, तिथे रंग लावून मोजतात. एचईआर-टू हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असतं, पेशीला 'विभाग' असा निरोप आत पोचवणारं. साधारण पेशीत त्याच्या दोन प्रती, या गाठीतल्या पेशींत त्याच्या ढिगाने प्रती झाल्या होत्या. पण त्या गाठीतच झाल्या. मोठी माय जन्मली तेव्हा नव्हत्या, त्यामुळे हे वाढलेलं जनुक तुझ्या बापाकडे गेलं नाही आणि तुझ्याकडेही नाही. आईबापाकडून येतात ती बीआरसीए-१, बीआरसीए-२ वगैरे, ती वेगळी. त्यांची चौकशी डॉक्टरांनी केली होती, घराण्यात दुसरं कोणी नव्हतं.

मग काच लावली. आधी ४एक्स, नुसता जांभळा-गुलाबी नकाशा. १०एक्सला गर्दी. ४०एक्सला हात थरथरला, फोकसच्या खोडीवर ढकलून दिलं. मी पॅथॉलॉजिस्ट नाही, पण मध्यावस्था मला झोपेतही ओळखू येते. एका नजरेत तीन सापडल्या. कांद्यासारख्या शिस्तीच्या नव्हेत. एक तर तीन तोंडांची होती, गुणसूत्रं तीन दिशांना ओढली जात असलेली. कांद्याची एवढी मुळं दाबली, असं कधी पाहिलं नव्हतं. जिथे तपासणीचा नाका हवा तिथे कोणी उभंच नाही, असं ते चित्र.

आणि त्या गर्दीतच दुसरं काहीतरी दिसलं. एक पेशी आक्रसून लहान झालेली, शेजाऱ्यांपासून सुटलेली, भोवती पांढरी रिकामी कडा. अंग गडद गुलाबी, आणि केंद्रकाचे तीन-चार काळे मणी झालेले. थोडं सरकवलं, आणखी एक. फुटलेली नाही, सांडलेलं काही नाही, सूज नाही. पुस्तकात जसं लिहितात तसंच. दुकानदाराच्या डब्यात जे नव्हतं ते पेटीत शालूखाली होतं. एवढ्या माजलेल्या गाठीतही काही पेशी आपणहून मरत होत्या. या नाक्यावरचं मुख्य जनुक पी-५३, त्याचं प्रथिन १९७९ साली सापडलं, तेही त्याच सतराव्या गुणसूत्रावर. डीएनए बिघडला तर ते आधी विभाजन थांबवतं, दुरुस्त होत नसेल तर पेशीला मरायला लावतं. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत ते बिघडलेलं असतं. हत्तीकडे त्याच्या आईकडून सुमारे वीस आणि बापाकडून तितक्याच प्रती येतात, आपल्याकडे आईची एक आणि बापाची एक. तिच्या गाठीत ते शाबूत होतं की नाही, हे या काचेवरून सांगता येत नाही.

केमोत तिचे केस गेले ते याच हिशेबाने. औषध विभागणाऱ्या पेशी मारतं, आणि केसांच्या मुळाशी कांद्याच्या टोकासारखं अखंड विभाजन चालू असतं. नंतर वर्षभर दर तीन आठवड्यांनी एचईआर-टू अडवणारं इंजेक्शन. तेव्हा केस परत आले, आधीपेक्षा कुरळे.

ती स्वयंपाकघरातून आली, हाताला बट्टीचं पीठ. "तुमले काय दिखस त्यामा इतलं?" मी काही बोललो नाही, ऋतुजाने खुर्ची सरकवली. हात पुसून तिने एक डोळा मिटला, नेहमीप्रमाणे चुकीचा, मग दुसरा. बराच वेळ बघत होती. "हाई मन्हंच शे का?" हो म्हटलं. "दिखाले तं बरं दिखस," म्हणाली, आणि वरण उतू जातंय म्हणून आत गेली.

तारे साडेतीनच ठेवतो. शिकणाऱ्या पोरासाठी घ्या, फक्त यंत्र घ्या, डबा घेऊ नका. त्या पैशांत कोऱ्या काचा आणि चांगलं ॲसिटोकार्मिन येईल. रंग दुकानात उजेडाकडे धरून बघा, तळाशी गाळ असेल तर दुसरी बाटली मागा. ताण घट्ट करायची कडी कुठे आहे ते तिथेच दाखवायला सांगा.

परवा दुकानदाराचा फोन आला होता, १४ नंबरची स्लाइड आली आहे, कधी येताय. त्याला सांगितलं राहू दे, ती खाच आता रिकामी नाही.